विमानाची पाऊण तास आणि व्यापाऱ्याचा दिवस



गेल्या महिन्यात वरकुट्यात आमच्या ओळखीच्या एका दुकानाच्या ओट्यावर चहा घेत असताना विषय निघाला. लग्नसराई तोंडावर आलेली, बस्ते बांधण्याची गडबड, आणि माल भरायला कोणी कुठे जायचे याची चर्चा. एक तरुण मुलगा मोबाइल पाहून म्हणाला, "चाचा, बारामती विमानतळ ते लातूर विमानतळ हवाई अंतर फक्त दोनशे किलोमीटर. वेळ पाऊण तास!" ओट्यावरची मंडळी चकित झाली. एकजण लगेच म्हणाला, "मग आपण एस.टी.त कंबर कशाला मोडून घेतो?"

आम्ही त्या मुलाला एवढेच विचारले, "बेटा, ते विमान सुटते किती वाजता?" त्याने मोबाइल खालीवर केला, पण वेळापत्रक काही सापडेना. सापडणार कसे? बारामतीला विमानतळ आहे, धावपट्टी आहे, तिथे वैमानिकांना शिकवले जाते, बड्या लोकांची खासगी विमाने उतरतात. पण तुमच्या-आमच्यासारख्याने तिकीट काढून लातूरला जावे अशी नियमित सेवा तिथे आजवर रुजलेली नाही. त्या यंत्राने नकाशावरील दोन ठिपके घेतले, त्यांच्यामध्ये रेघ ओढली, रेघेची लांबी विमानाच्या वेगाने भागली आणि उत्तर दिले. हिशेब बरोबर, पण विमानच नाही! असल्या आकड्यांवर भाळून आपले बांधव धंद्याचे बेत आखू लागले आहेत. म्हणून आजचा हा प्रपंच.

हे अंतर मोजतात कसे?

प्रथम हे सांगितले पाहिजे की हे हवाई अंतर थोतांड नाही. पृथ्वी गोल आहे आणि गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या गोलाला मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा तुकडा. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. ते घेतले की त्रिकोणमितीने अंतर निघते. बारामती ते लातूर सुमारे २०० किलोमीटर, बारामती ते सुरत सुमारे ३७५, सोलापूर ते मुंबई सुमारे ३६०, सोलापूर ते गोव्याचा मोपा विमानतळ सुमारे ३०५. हे आकडे घरबसल्या काढता येतात.

ही विद्या आपल्याला परकी नाही. नमाजासाठी किब्ल्याची दिशा ठरवायची तर हाच हिशेब लागतो. अकराव्या शतकात अल-बिरूनीने आजच्या पाकिस्तानातील पंजाबमध्ये नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून पृथ्वीची त्रिज्या मोजली, आणि गझनीहून किब्ला नेमका कोणत्या बाजूला येतो हे ठरवण्यासाठी शहरांच्या जागा व अंतरे काढण्यावर एक ग्रंथच लिहिला. आजही वरकुट्याहून मक्केची दिशा काढली तर ती ठीक पश्चिमेला येत नाही. पश्चिमेपासून सुमारे बारा अंश उत्तरेकडे झुकते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर मात्र याच्या निम्माच कल दिसतो. गोलावरची सरळ वाट आणि कागदावरची सरळ रेघ यांत एवढा फरक पडतो. तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी हा हिशेब मांडला, त्यांनी आज त्याच हिशेबाने फसावे, हे बरे दिसत नाही.

वेळ मात्र वेगळी चीज आहे

अंतर गणिताने निघते, वेळ मात्र तशी निघत नाही. मोठे विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरने धावते हे खरे. त्या हिशेबाने दोनशे किलोमीटरला पंधरा मिनिटे लागावीत. यंत्र त्यात चढण्या-उतरण्याची अर्धा तास भर घालते आणि पाऊण तास सांगते. पण छोट्या मार्गावर मोठे विमान जात नाही. तिथे पंख्याचे विमान जाते आणि त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो. त्यातही जमिनीवर रांगत धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्यासाठी वळसा घेणे, यात वेळ जातो. अंतर जितके लहान तितका हा वरखर्चाचा वाटा मोठा. तागा कापताना दोन्ही टोकांची चिंधी सारखीच जाते, मग कापड दहा मीटर घ्या की एक मीटर. तसेच हे आहे.

उदाहरण डोळ्यासमोर आहे. ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. अंतर ३०५ किलोमीटर. नुसता भागाकार केला तर छत्तीस-सदतीस मिनिटे यायला हवीत, पण वेळापत्रकात तासाहून जास्तच वेळ धरलेला होता. यात कंपनीची चूक काही नाही. विमान असेच चालते. शिवाय समोरून वारा असला की वेळ वाढते, ढग खाली आले की उतरणे लांबते. यंत्राच्या मार्गदर्शनाने उतरण्याची सोय प्रत्येक लहान विमानतळावर नसते. तिथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. पावसाळ्यातला एखादा सकाळचा तास ढगात गेला की दिवसभराचे वेळापत्रक पुढे सरकते.

दुकानाच्या फळीपासून दुकानाच्या फळीपर्यंत

आमचे म्हणणे असे की व्यापाऱ्याने वेळ मोजायची ती विमानतळ ते विमानतळ नव्हे, तर आपल्या दुकानाच्या फळीपासून समोरच्या पेढीच्या गादीपर्यंत.

वरकुट्याचाच हिशेब घ्या. समजा उद्या बारामती-लातूर विमान सुरू झाले. लातूर आपल्या पूर्वेला, बारामती पश्चिमेला. म्हणजे वरकुट्याच्या माणसाने पूर्वेला जाण्यासाठी आधी तासभर पश्चिमेला जायचे, तिथे तासभर आधी हजर राहून तपासणी करून घ्यायची, पाऊण तास उडायचे (ते विमान बहुधा आपल्याच शिवारावरून जाणार!), मग लातूरच्या शहराबाहेरील विमानतळावरून रिक्षा शोधत बाजारपेठ गाठायची. सगळे मिळून साडेतीन तास होतात. आणि आज टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे रस्त्याने गेलो तर चार-साडेचार तास. म्हणजे फायदा तासाभराचा, तोही विमान आपल्या सोयीच्या वेळी असेल तरच. नसेल तर रात्रीचा मुक्काम पदरात पडतो.

आता मुंबई घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली आणि आपल्या भागात आनंद झाला. आम्हालाही झाला. पण मंगलदास मार्केटला जाणाऱ्या माणसाचा हिशेब काय? वरकुट्याहून सोलापूर विमानतळ दोन-सव्वादोन तास, आधी हजर राहण्याचा एक तास, उड्डाणाचा तासाहून थोडा अधिक, मुंबईत विमानतळाबाहेर पडून मार्केटपर्यंत दीड तास. बेरीज सहा तासांच्या घरात. दुसरीकडे १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत गाडी धावू लागली आणि ती कुर्डुवाडीला थांबा घेते. गावाहून कुर्डुवाडी तासभर, पुढे पावणेसहा तासांच्या आसपास, आणि उतरलात की मार्केट हाकेच्या अंतरावर. विमान दुपारचे असेल तर मार्केट बंद व्हायच्या वेळी पोहोचाल, म्हणजे सौदा दुसऱ्या दिवशी. आणि जो रात्री गाडीत पाठ टेकून सकाळी मार्केटमध्ये उतरतो, त्याचा तर दिवस वाया जातच नाही. धंद्यात अशी झोपेत काटलेली वाट सर्वांत स्वस्त पडते.

आणि माल? माणूस विमानाने गेला तरी गाठी ट्रकनेच येणार. लहान विमानात बरोबर नेता येणारे सामान पंधरा-वीस किलोच्या आतबाहेर. त्यात साड्यांची एक गाठदेखील मावत नाही. बिल्टी फाटून माल दुकानी येईपर्यंत दोन-तीन दिवस लागतातच. मग आपण चार तास आधी परतून काय साधले, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या खतावणीला विचारावा.

मंझिल आणि मुसाफिर

एक गोष्ट आम्हाला नेहमी विचार करायला लावते. हनफी फिकहमध्ये मुसाफिर कोणाला म्हणावे, याचे मूळ माप काय आहे? तीन दिवसांची मध्यम चालीची वाट. उंटाच्या किंवा पायी चालणाऱ्याच्या गतीने. पुढे आपल्या उपखंडातील उलेमांनी लोकांच्या सोयीसाठी ते अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सुमारे सव्वासत्याहत्तर किलोमीटर असे ठरवले. म्हणजे आधी माणसाचे कष्ट मोजले आणि मग त्यांचे मैल केले. आज कोणी ते अंतर विमानाने काही मिनिटांत कापले तरी तो मुसाफिरच ठरतो. तपशिलाचा मसला उलेमांकडून समजून घ्यावा, तो आमचा प्रांत नव्हे. पण आम्ही यातून एक व्यापारी धडा घेतो. सफर हे रेघेच्या लांबीचे प्रकरण नव्हे. माणसाला, त्याच्या शरीराला, त्याच्या घराला आणि गल्ल्याला ती किती पडते, हा खरा हिशेब. आपल्या आजोबांनी "तीन कोस" म्हटले की त्यात ओढा, चढ, ऊन सगळे आले. आजचा मोबाइल "दोनशे किलोमीटर" म्हणतो, त्यात काहीच येत नाही.

सरकारी योजना आणि तिची मुदत

लहान विमानतळांना जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये उडान योजना आणली. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमाने निघाली, त्यात आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारेही होते. योजना अशी की निम्म्या जागांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधून द्यायचे, आणि कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची. कल्पना वाईट नाही. शिमल्यासारख्या ठिकाणी, डोंगराळ मुलखात, ती उपकारकच आहे.

पण तीन वर्षांचा आधार म्हणजे तीन वर्षांची उधारी. पुढे गिऱ्हाईक टिकले तर धंदा, नाही तर शटर खाली. डिसेंबर २०१७ मध्ये जळगावहून मुंबईला विमान सुरू झाले आणि काही काळातच ती सेवा बंद पडली. नांदेडला ज्या कंपनीने पहिले विमान नेले, त्या ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. नंतर दुसऱ्या कंपन्या आल्या, त्या त्या शहरांत पुन्हा विमाने दिसू लागली, ही चांगलीच गोष्ट. पण मधल्या काळात ज्याने त्या विमानाच्या भरवशावर दुकान मांडले, त्याचे काय झाले असेल?

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या परिचयातील एक कारागीर बंधू. आठ शिलाई मशिनी, त्यांवर काम करणाऱ्या गावातल्याच बाया-मुली. परराज्यातील एका मोठ्या गिऱ्हाइकाला नमुने दाखवायचे होते, रमजानपूर्वीची ऑर्डर होती. त्यांनी आमचा मशवरा घेतला. आम्हीच म्हणालो, "विमानाने जा, दीड तासात पोहोचाल, गिऱ्हाइकावर छापही पडेल." एका लहान विमानतळावरून त्यांचे तिकीट होते. ते दोन तास बसून राहिले आणि मग कळले की आज विमान जाणार नाही. तिकिटाचे पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण गिऱ्हाईक वाट पाहत नसते. ऑर्डर दुसऱ्याला गेली आणि ऐन कमाईच्या महिन्यात आठांपैकी पाच मशिनींवर कापड टाकून ठेवावे लागले. त्या बाया-मुलींच्या ईदचे काय? चूक विमानाची जेवढी, तेवढीच आमच्या मशवऱ्याची. आदल्या रात्रीची रेल्वे धरायला आम्ही सांगितले असते, तर ते सकाळी हजर असते. मशवरा ही अमानत आहे आणि त्या दिवशी आम्ही ती नीट सांभाळली नाही. हा लेख लिहिण्यामागे ती बोच आहे.

आम्ही विमानाच्या विरोधात नाही

कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही जुन्या काळाला कवटाळून बसलो आहोत. १९९५ पर्यंत आपल्याकडचे हाजी मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात आणि एका बाजूचा प्रवासच कित्येक दिवस चाले. आता साडेतीन हजार किलोमीटरची तीच वाट विमान पाच-साडेपाच तासांत कापते. म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला किती आराम झाला! तिथे विमानाचा फायदा दिवसांत मोजला जातो, म्हणून वरखर्चाचे दोन-तीन तास जाणवत नाहीत. लांबचा पल्ला, तातडीचा आजार, बंद पडलेल्या मागाचा सुटा भाग, परदेशी गिऱ्हाइकाला आपला माल दाखवायला आणणे, ही विमानाची कामे आहेत. सोलापूरच्या चादरी-टॉवेलवाल्यांना, बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कातील कारखानदारांना याचा उपयोग होईल, व्हायलाच हवा. जवळच्या दोन लहान विमानतळांमधली उडी मात्र वेगळी गोष्ट आहे.

आणि किंमतही पाहावी. सोलापूरच्या विमानांना वाट मोकळी व्हावी म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. त्यावर ऊस उत्पादकांनी, कामगारांनी किती आकांत केला, हे आपण पाहिले. आपल्याच जिल्ह्यात पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी गावांची जमीन मागितली गेली आणि तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. विमानतळ हवा की नको, यावर लोकांची मते वेगळी असू शकतात. पण एकाचा तास वाचवण्यासाठी दुसऱ्याची जमीन किंवा रोजी जात असेल, तर तो तास खरोखर वाचतो की नाही, हे तपासणे तरी आपले कर्तव्य आहे. नफा एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे, असा सौदा आपल्या व्यापाराच्या तत्त्वात बसत नाही.

आमच्या सूचना

एक, प्रत्येक व्यापाऱ्याने पुढील तीन सफरींचा रोजमेळ लिहावा. घर सोडल्याची वेळ, पेढीवर पोहोचल्याची वेळ, परतल्याची वेळ, भाडे, जेवण, मुक्काम आणि दुकान बंद राहिल्याचे नुकसान. तीन सफरींनंतर कोणती वाट स्वस्त, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

दोन, नवी विमानसेवा निघाली की पहिले सहा महिने तिच्यावर तारखेचा वायदा करू नये. ती किती दिवस वेळेवर सुटते, किती वेळा रद्द होते, हे आधी पाहावे. नव्या दलालाला आपण पहिल्याच दिवशी उधारी देत नाही, मग नव्या विमानाला का द्यावी?

तीन, आपल्या व्यापारी संघटनांनी विमानाच्या मागणीबरोबर, किंबहुना तिच्या आधी, जमिनीवरच्या मागण्या मांडाव्यात. इंदापूरहून कुर्डुवाडी व भिगवण स्टेशनला गाड्यांच्या वेळा धरून एस.टी. बस, स्टेशनवर पार्सलची नीट सोय, आणि सोलापूर विमानतळापर्यंत परवडणारी बस. यांतले एकेक काम आपला जेवढा वेळ वाचवील, तेवढा बारामती-लातूर विमान वाचवणार नाही.

चार, आपल्या मुलांना हे अंतराचे गणित जरूर शिकवावे. अल-बिरूनीची विद्या आहे ती. पण त्याबरोबर हेही शिकवावे की उत्तर आल्यावर त्याला एक प्रश्न विचारायचा असतो, की विमान सुटते किती वाजता?

सूरह कुरैशमध्ये व्यापाऱ्यांच्या हिवाळी आणि उन्हाळी सफरीचा उल्लेख आहे. तेही सफर करीत, पण ऋतू पाहून, पाणी पाहून, वाट पाहून. सफरीत बरकत आहे यात शंका नाही, आणि ती हिशेब जाणणाऱ्याच्या वाट्याला येते. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आमच्या त्या कारागीर बंधूच्या आठही मशिनी पुढच्या रमजानपूर्वी चालू दिसोत. आमीन.